अब्बांचं रक्त आणि एक साधा प्रश्न

उर्दूत कॅन्सरला ‘सरतान’ म्हणतात. सरतान म्हणजे खेकडा. मराठीत ‘कर्करोग’, त्यातला कर्क म्हणजेही खेकडाच. दोन्ही भाषा शिकवत असल्यामुळे ही जोडी मला बरीच वर्षं ठाऊक होती, वर्गात पोरांना गंमत म्हणून सांगतही होते. प्रोस्टेटची जोडी मात्र गेल्या वर्षी कळली. युनानी हकिमांच्या उर्दूत त्या ग्रंथीला ‘गुद्दा-ए-कुदामिया’ म्हणतात आणि मराठी पुस्तकांत ‘पुरःस्थ ग्रंथी’. दोन्हींचा अर्थ एकच, पुढे उभी असलेली. मूळ ग्रीक शब्दाचाही अर्थ तोच. इतक्या भाषांत नाव आहे, पण आमच्या घरात त्यातलं एकही नाव कोणी उच्चारलेलं मी कधी ऐकलं नव्हतं. घरात म्हणतात ‘पेशाब की तकलीफ’, तेही हळू आवाजात. खोलीत बायका असल्या तर तेवढंही नाही.

माझ्या अब्बांना प्रोस्टेटचा कॅन्सर आहे. त्यांना विचारूनच हे लिहिते आहे. “लिख, लेकिन मेरा नाम मत डाल,” एवढंच म्हणाले.

लिहिण्याचं कारण असं. अब्बांचं निदान झालं आणि खानदानाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक बातमी फिरू लागली. रक्तात फिरणाऱ्या कॅन्सरच्या पेशी पकडणारी चाचणी निघाली आहे, आपल्या महाराष्ट्रातच होते, अब्बांची लगेच करून घ्या. भाईजान पैसे भरायला तयार होते. मी विज्ञानाची नाही, भाषेची शिक्षिका. पण रिपोर्ट वाचून त्याचा अर्थ सांगायचं काम घरात माझ्याकडेच येतं. म्हणून मी वाचत बसले, समजलं नाही ते डॉक्टरांना विचारलं. त्यातून जे हाती लागलं ते इथे मांडते.

आधी आजार कसा समजला ते सांगते. अब्बांचं परतवाड्यात शिलाईचं दुकान होतं. शाळांचे युनिफॉर्म, लग्नसराईत शेरवान्या, अचलपूरपासून धारणीपर्यंतचं गिऱ्हाईक. वय आता ७४. पाच वेळा मशिदीत जाणारा माणूस हळूहळू फक्त जुम्म्याला जाऊ लागला. विचारलं तर म्हणायचे, गुडघे दुखतात. गुडघ्यांचं निमित्त होतं. लघवी करून आलं तरी थेंब येत राहायचे, वजू टिकायचा नाही, कपडे पाक राहिले की नाही याची शंका यायची. भर सफेत उभं असताना हा विचार मनात आला की नमाजेत लक्ष कसं लागणार? शरियतमध्ये अशा माणसाला सवलत आहे. ज्याचे थेंब थांबतच नाहीत त्याला हनफी फिकहमध्ये ‘माजूर’ म्हणतात. त्यानं प्रत्येक नमाजेच्या वक्ताला नवा वजू करावा आणि नमाज पढावी. मध्येच थेंब आला तरी त्या वक्तापुरता वजू मोडत नाही. अब्बांना हा मसला माहीत होता. पण तो लागू करून घ्यायचा तर आधी कोणाला तरी सांगावं लागतं, निदान इमामसाहेबांना. ते त्यांनी केलं नाही. सांगितलं ते पाठीचं दुखणं असह्य झालं तेव्हा.

इथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे, नाहीतर वाचणाऱ्या निम्म्या घरांत घबराट होईल. म्हातारपणी लघवीची तक्रार बहुतेक वेळा नुसत्या वाढलेल्या ग्रंथीची असते, कॅन्सरची नसते. उलट सुरुवातीचा प्रोस्टेट कॅन्सर पुष्कळदा काहीच तक्रार देत नाही. तक्रार असो वा नसो, डॉक्टरांकडे गेल्याशिवाय यातलं काय खरं ते कळत नाही.

परतवाड्याच्या डॉक्टरांनी पीएसए ही रक्ताची तपासणी लिहून दिली. पीएसए हे प्रोस्टेट ग्रंथीतच तयार होणारं एक प्रथिन आहे. थोडं रक्तात असतंच. ४ च्या वर गेलं की डॉक्टर पुढची चौकशी करतात, असा जुना ढोबळ नियम आहे. ग्रंथी नुसती वाढली किंवा तिथे जंतुसंसर्ग झाला तरी पीएसए वाढतं, त्यामुळे एकट्या त्या आकड्यावर कॅन्सर म्हणता येत नाही. अब्बांचा आकडा ८६ आला. मग अमरावतीला बायोप्सी, तिथून नागपूरला हाडांचा स्कॅन. कमरेच्या हाडात आणि मणक्यांत डाग दिसले. प्रोस्टेटचा कॅन्सर पसरला की बहुतेकदा हाडांकडेच जातो.

उपचार सुरू झाले. हा कॅन्सर पुरुषी हार्मोनवर वाढतो. ते हार्मोन बंद केलं की आक्रसतो. शिकागोच्या चार्ल्स हगिन्स यांनी हे १९४१ साली दाखवून दिलं आणि त्याबद्दल त्यांना १९६६ मध्ये नोबेल मिळालं. अब्बांना दर तीन महिन्यांनी एक इंजेक्शन आणि रोज गोळ्या. पहिल्या तीन महिन्यांत पीएसए ८६ वरून ४ च्या खाली आलं. पाठ शांत झाली. आणि नेमक्या त्याच वेळी ती चाचणीची बातमी घरात आली.

तर ही चाचणी काय आहे? गाठीपासून काही पेशी सुटतात आणि रक्तात येतात. त्यातल्या बहुतेक काही तासांत मरून जातात. एखादी वाचते, दूर कुठे तरी रुजते, आणि तिथे नवी गाठ होते. कॅन्सर पसरतो त्याची ही एक मोठी वाट. या पेशी पहिल्यांदा पाहिल्या त्या ऑस्ट्रेलियातल्या थॉमस अ‍ॅशवर्थ या डॉक्टरांनी, १८६९ साली. कॅन्सरनं मेलेल्या एका माणसाच्या रक्तात त्यांना गाठीतल्या पेशींसारख्याच पेशी सूक्ष्मदर्शकातून दिसल्या. पण दिसणं वेगळं आणि मोजणं वेगळं. मोजायला पुढे सव्वाशेहून अधिक वर्षं लागली.

कारण समजायला थोडा हिशेब करू. एक मिलिलिटर रक्तात साधारण ५०० कोटी तांबड्या पेशी असतात आणि ४० लाख ते १ कोटीच्या आसपास पांढऱ्या. तपासणीसाठी साडेसात मिलिलिटर रक्त घेतात, म्हणजे दीड चमचा. त्यात साडेतीन हजार कोटींहून जास्त तांबड्या पेशी. या गर्दीत कॅन्सरच्या पेशी असतात पाच, दहा, कधी एक, कधी एकही नाही.

त्या कशा वेचतात हे मी अब्बांना समजावून सांगत होते. कॅन्सरच्या या पेशींच्या अंगावर एक खास प्रथिन असतं, ते रक्ताच्या पेशींवर नसतं. त्या प्रथिनालाच चिकटेल असं प्रतिपिंड तयार करतात आणि त्याला लोखंडाचे अतिसूक्ष्म कण जोडतात. हे मिश्रण रक्तात घालतात आणि बाहेरून चुंबक लावतात. अब्बांनी मला तिथेच थांबवलं. शिवणयंत्राच्या खणात ते नेहमी एक चुंबक ठेवायचे, संध्याकाळी जमिनीवरच्या सुया-टाचण्या गोळा करायला. म्हणाले, “मतलब एकच कपडे को टाचनी लगाई. अब कतरन का ढेर कितना भी बडा हो, चुंबक घुमाओ तो वोही कतरन उपर आएगी.” इतकं नेमकं मला कोणत्याही लेखात सापडलं नव्हतं. नंतर त्या कतरणीतही चूक नको म्हणून पेशींना रंग देतात. कॅन्सरची पेशी एका रंगानं उजळते. पांढरी पेशी चुकून आली असेल तर ती दुसऱ्या रंगानं ओळखू येते आणि बाद होते. उरलेल्या मोजतात.

‘सेलसर्च’ नावाच्या अशा यंत्राला अमेरिकेच्या औषध प्रशासनानं, म्हणजे एफडीएनं, २००४ साली पसरलेल्या स्तनाच्या कॅन्सरसाठी मान्यता दिली आणि २००८ मध्ये पसरलेल्या प्रोस्टेट कॅन्सरसाठी. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात रुग्णांचे दोन गट केले होते. उपचाराआधी साडेसात मिलिलिटरमध्ये ५ पेक्षा कमी पेशी असलेले आणि ५ किंवा जास्त असलेले. पहिल्या गटाचं मध्यक आयुष्य २१.७ महिने आलं, दुसऱ्याचं ११.५ महिने. नंतर पाच मोठ्या चाचण्यांतल्या ६,००० हून अधिक रुग्णांची माहिती एकत्र तपासली गेली, ती २०१८ मध्ये छापून आली. उपचार सुरू केल्यावर १३ आठवड्यांनी पेशी शून्यावर आल्या असतील तर ती चांगली खूण आहे, हे त्यातही दिसलं.

हे आकडे वाचले त्या रात्री मला झोप आली नाही. साडेअकरा महिने म्हणजे पुढची ईद दिसेल की नाही? सकाळी शाळेत नववीचा निकाल लावत होते तेव्हा जरा शांत झाले. वर्गाचं मध्यक ५२ असतं म्हणून कोणत्या पोराला ५२ पडतील हे ठरत नाही. एकाला ३० पडतात, एकाला ८८. मध्यक वर्गाचं असतं, पोराचं नसतं. शिवाय आणखी एक गोष्ट होती, ती मी पहिल्या वाचनात नीट पाहिली आणि डॉक्टरांना विचारायला वहीत लिहून ठेवली. हे सगळे आकडे अशा रुग्णांचे होते, ज्यांच्यावर हार्मोन बंद करणाऱ्या उपचाराचा परिणाम संपला होता. अब्बांवर तो उपचार नुकताच सुरू झाला होता आणि लागू पडत होता.

आता महाराष्ट्रातल्या चाचण्यांबद्दल. नाशिकमध्ये दातार कॅन्सर जेनेटिक्स ही कंपनी रक्तातल्या याच पेशींवर काम करते. तिच्या प्रोस्टेटच्या चाचणीला २०२२ मध्ये एफडीएनं ‘ब्रेकथ्रू डिव्हाइस’ हा दर्जा दिला. त्याआधी २०२१ मध्ये स्तनाच्या कॅन्सरच्या चाचणीला तो मिळाला होता. नाशिकच्या प्रयोगशाळेला हा मान मिळाला याचा आनंद आहेच. पण ग्रुपवर जे फिरत होतं, ‘अमेरिकेनं मंजूर केलेली’, ते बरोबर नाही. हा दर्जा म्हणजे मंजुरी नव्हे. कल्पना आशादायक आहे, तिचा तपास आम्ही प्राधान्यानं करू, असं त्याचा अर्थ सांगतो. प्रवेशपत्र मिळालं आणि पेपर पास झाला, या दोन गोष्टींत जो फरक आहे तोच इथेही. पुण्यात अ‍ॅक्टोरियस या कंपनीनं ‘ऑन्कोडिस्कव्हर’ नावाची चाचणी तयार केली आहे. तीही चुंबकाच्या तत्त्वावरच चालते, आणि तिच्यावर टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांबरोबर तोंडाच्या कॅन्सरच्या रुग्णांमध्ये अभ्यास झाला आहे. खर्रा चघळणाऱ्या आपल्या विदर्भाला ते काम किती जवळचं आहे हे वेगळं सांगायला नको.

वाचता वाचता लक्षात आलं की एकाच नावाखाली तीन निरनिराळे प्रश्न विचारले जातात. पहिला, या माणसाला कॅन्सर आहे का? नाशिकच्या चाचणीचा रोख या प्रश्नावर आहे. दुसरा, कॅन्सर आहेच, तो कसा चालला आहे? ‘सेलसर्च’ची मोजणी याचं उत्तर देते. तिसरा, कोणतं औषध चालेल? २०१४ मध्ये अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्सच्या डॉक्टरांनी दाखवलं की या पेशींमध्ये ‘एआर-व्ही७’ नावाचा एक बदल सापडला तर एन्झालुटामाइड आणि अबिराटेरोन ही दोन औषधं सहसा चालत नाहीत. तिथे पेशींची संख्या नाही, पेशीच्या आत काय आहे ते महत्त्वाचं. आणि तिन्ही प्रश्नांना एक मर्यादा लागू आहे: पेशी सापडली नाही म्हणजे आजार नाही, असं नसतं. काही पेशींच्या अंगावरचं ते खास प्रथिन गळून गेलेलं असतं. अब्बांच्या भाषेत, टाचणी लागतच नाही.

बी.एड.ला मूल्यमापनाच्या तासाला एक गोष्ट पक्की करून घेतली होती. संपादन चाचणी वेगळी, नैदानिक चाचणी वेगळी. संपादन चाचणी गुण सांगते. नैदानिक चाचणी पोराचं कुठे अडतं ते सांगते आणि तिच्यामागून उपचारात्मक अध्यापन आलंच पाहिजे. ते येणार नसेल तर चाचणी घेऊन पोराचा वेळ घालवायचा नाही. म्हणून चाचणी काढण्याआधी उद्देश लिहावा लागे. मी वहीत डॉक्टरांसाठी तोच प्रश्न लिहिला. चाचणीचं उत्तर काहीही आलं, तर तुम्ही उपचारात काय बदलाल?

नागपूरच्या डॉक्टरांनी प्रश्न वाचला आणि सरळ उत्तर दिलं. आज काही बदलणार नाही. पेशी ० आल्या तरी हेच इंजेक्शन, २० आल्या तरी हेच. कॅन्सर आहे का हा प्रश्न बायोप्सीनं आधीच सोडवला आहे. कसा चालला आहे हे सध्या पीएसए सांगतंय, आणि ती तपासणी परतवाड्यातच होते. पुढे कधी इंजेक्शन चालू असूनही पीएसए चढू लागलं, औषध बदलायची वेळ आली, तर रक्तातल्या पेशींचा किंवा जनुकांच्या तपासणीचा विचार करू. तेव्हा तिला काही अर्थ असेल.

भाईजानना ते पटेना. त्यांचं म्हणणं, पैसा माझा आहे, कळलं तर बिघडलं काय? हा प्रश्न हलका नाही. ज्याच्या हातात दुसरं काही नाही त्याला निदान माहिती तरी हवी असते. बापासाठी पैसे खर्च करणं हीच मुलाला करता येण्यासारखी एक गोष्ट उरते. मी त्यांच्याशी वाद घातला नाही. निर्णय ज्याचा आहे त्याच्यासमोर दोन्ही बाजू ठेवल्या.

अब्बांनी ऐकून घेतलं. मग विचारलं, “गिनती ज्यादा आई तो तुम लोग मेरे सामने वैसेच बैठोगे क्या, जैसे आज बैठे?” कोणी बोललं नाही. म्हणाले, “फिर रहने दो. जब दवा बदलने का टाइम आएगा तब गिनना.”

ते एवढ्यावर थांबले नाहीत. पुढे त्यांनी भाईजानकडे पाहून विचारलं, “तेरा खून कब दिखाया था?” भाईजान ५१ वर्षांचे. बाप किंवा सख्ख्या भावाला प्रोस्टेट कॅन्सर असेल तर त्या पुरुषाची जोखीम साधारण दुप्पट होते, हे डॉक्टरांनी त्याच भेटीत सांगितलं होतं. अशा घरातल्या पुरुषांनी पंचेचाळिशीच्या आसपासच पीएसएबद्दल डॉक्टरांशी बोलावं, हेही सांगितलं होतं. भाईजाननी ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं होतं. बापाच्या रक्तासाठी लांबच्या प्रयोगशाळेचे पैसे भरायला तयार असलेला माणूस स्वतःच्या साध्या तपासणीसाठी गल्लीच्या टोकाला जायला राजी नव्हता. “मेरे को कुछ तकलीफ नहीं है.” पाच वर्षांपूर्वी अब्बाही हेच म्हणत होते.

माझ्या वाचकांत पुरुष बरेच आहेत, म्हणून हे थोडं लांबवते. आपल्याकडे बाईच्या आजारपणाबद्दल लाज बाळगतात हे सगळ्यांना माहीत आहे आणि आता त्यावर बोललंही जातं. पुरुषाच्या लाजेबद्दल कोणी बोलत नाही. वजूखान्यात कोणाला जास्त वेळ लागतो, कोण एसटीच्या प्रवासात पाणी प्यायचं टाळतो, कोणी लग्नाच्या जेवणात शेवटची खुर्ची धरतो, हे सगळे बघतात, विचारत कोणी नाही. जुम्म्याच्या बयानात एखाद्या वेळी माजूरचा मसला इमामसाहेबांनी समजावून सांगितला, आणि सोबत म्हटलं की अशा माणसानं डॉक्टरांनाही दाखवावं, तर किती तरी घरांत मुलाला बापाशी बोलायला तोंड मिळेल. रक्तातली पाचवी पेशी पकडणारं चुंबक माणसानं बनवलं. पण त्याच्यापर्यंत पोचायला आधी त्या माणसानं दवाखान्याच्या बाकावर येऊन बसावं लागतं.

रक्तातल्या पेशींच्या चाचण्या सुधारत जातील. कदाचित उद्या खरोखरच बायोप्सीची सुई टळेल, हाडांपर्यंत पोचण्याआधीच आजार सापडेल. नाशिक-पुण्याचं त्यात नाव असेल तर मी वर्गात मोठ्या अभिमानानं सांगेन. तोवर कोणी तुमच्या घरी कोणतीही नवी चाचणी सुचवली तर घाबरून हो म्हणू नका आणि हसून नाहीही म्हणू नका. ती कोणत्या प्रश्नाचं उत्तर देते, आपल्या रुग्णाच्या टप्प्यावर ती तपासली गेली आहे का, आणि उत्तर आल्यावर उपचारात काय बदलेल, एवढे तीन प्रश्न कागदावर लिहून तुमच्या डॉक्टरांपुढे ठेवा.

अब्बांनी इमामसाहेबांना सांगितलं. आता अस्र आणि मगरिब मशिदीत होतात, शेवटच्या सफेत, खुर्चीवर. गेल्या शनिवारी तीन महिन्यांची तपासणी होती. लॅबवाला पोरगा सकाळी घरी आला. अब्बांची बाही वर झाली, आणि मग अम्मीनं नुसतं बघितलं तेव्हा भाईजाननीही वर केली. दोन नळ्यांवर दोन नावं लिहिली. अब्बांचं पीएसए १.८ आलं. भाईजानचं २ च्या आत आहे. पुन्हा कधी तपासायचं ते डॉक्टरांना विचारायला दोघं एकत्र जाणार आहेत.